एम.टेक. झाली... आता पुढे?

‘एम.टेक. करतेय ना, करू दे. तेवढ्या दोन वर्षांत स्थळंही बघून होतील.’

लग्नकार्यात, हळदीकुंकवात, सोसायटीच्या जिन्यात हे वाक्य आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलेलं असतं. बोलणाऱ्या बाईच्या मनात वाईट काही नसतं. उलट, मुलगी एवढी शिकतेय याचं कौतुकच असतं. पण मुलींच्या उच्च तांत्रिक शिक्षणाकडे आपण कसं बघतो, ते या एका वाक्यात सगळं आलं. मुलाचं एम.टेक. म्हणजे नोकरीची पायरी आणि मुलीचं एम.टेक. म्हणजे वेटिंग रूम! गाडी कुठली पकडायची, ते मागाहून ठरणार, आणि बहुधा दुसरंच कुणीतरी ठरवणार.

हा विषय आत्ता काढायला कारण आहे. गेल्या काही वर्षांत मुलींसाठी एकामागून एक दारं उघडत गेली. आयआयटींमध्ये बी.टेक.ला मुलींचं प्रमाण जेमतेम आठ टक्क्यांच्या आसपास होतं. २०१८ पासून मुलांच्या जागांना धक्का न लावता मुलींसाठी जादा जागा निर्माण केल्या गेल्या. पहिल्या वर्षी १४ टक्के, मग १७ आणि २०२० मध्ये २० टक्के असं उद्दिष्ट ठरलं. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी पूर्ण माफ केली. आणि २१ नोव्हेंबर २०२५ रोजी देशभर नव्या कामगार संहिता लागू झाल्या. १९४८ च्या कारखाना कायद्याने संध्याकाळी सात ते सकाळी सहा या वेळात स्त्रियांना कारखान्यात काम करायला बंदी घातली होती. महाराष्ट्राने २०१५ मध्येच दुरुस्ती करून ही बंदी सैल केली होती. आता देशभरात, स्त्रीची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था असेल, तर तिला रात्रपाळी करता येते.

म्हणजे प्रवेश मिळतो, फी माफ होते, रात्रपाळीचाही अडसर गेला. इंजिनीअरिंग शिकणाऱ्या शंभर विद्यार्थ्यांत आज तीसच्या आसपास मुली असतात. मग कारखान्याच्या डिझाइन विभागात, पुलाच्या साइटवर, वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये शंभरात तीस बायका दिसतात का हो? एम.टेक. झालेल्या, म्हणजे त्यातल्या निवडक, हौसेने पुढे शिकलेल्या मुली तर तिथे हमखास दिसायला हव्यात. त्या जातात कुठे?

मला वाटतं, त्या हरवतात त्या पदवी आणि पहिली नोकरी यांच्यामधल्या छोट्याशा जागेत. ही जागा कुणाच्याच खात्यात नाही. कॉलेज म्हणतं, आम्ही शिकवलं. कंपनी म्हणते, आम्ही जाहिरात दिली. घर म्हणतं, आम्ही कधी अडवलं?

आधी एम.टेक.चं वेळापत्रक बघू. ‘गेट’ परीक्षा देऊन चांगल्या सरकारी संस्थेत प्रवेश मिळाला, तर महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. पहिलं वर्ष विषय शिकण्यात जातं, दुसरं प्रोजेक्टमध्ये. पण कॅम्पस प्लेसमेंट सुरू होतं ते तिसऱ्या सत्रात. आयआयटींमध्ये एक डिसेंबरला कंपन्या दारात हजर असतात. म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये आत शिरलेल्या मुलीला पुढच्याच्या पुढच्या नव्हे, पुढच्याच वर्षीच्या डिसेंबरात मुलाखतीला बसायचं असतं. हातात सोळा-सतरा महिने. ज्या प्रोजेक्टबद्दल मुलाखतीत विचारणार, तो तर नुकता कुठे सुरू झालेला.

हे वेळापत्रक मुलांनाही तेच आहे. पण मुलीच्या घरी याच काळात दुसरंही एक कॅलेंडर चालू असतं. तुळशीचं लग्न उरकलं की इकडे मुहूर्त निघायला लागतात आणि तिकडे प्लेसमेंटच्या तारखा लागतात. दोन्ही हंगाम एकच! ‘मुलाकडचे पुण्याचे आहेत, तर नोकरीही पुण्यातच बघ ना,’ असं आई अगदी सहज म्हणते. त्या सहज वाक्याने मुलीच्या यादीतल्या निम्म्या कंपन्या गळतात.

कारण यंत्रांची, इमारतींची, धातूंची, रसायनांची इंजिनीअरिंग ज्या कंपन्यांत प्रत्यक्ष चालते, ज्यांना कॅम्पसवर ‘कोअर’ कंपन्या म्हणतात, त्यांचे कारखाने लक्ष्मी रोडवर किंवा दादरला नसतात. ते चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरीला असतात, जामनगरला नाहीतर होसूरला असतात. आयटी कंपनी मात्र शहरात असते, एसीत असते आणि तिची बस दारापर्यंत येते. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनीअरिंगमध्ये एम.टेक. केलेली, भूकंपात इमारत कशी हलते याचं गणित मांडू शकणारी मुलगी शेवटी सॉफ्टवेअर तपासण्याच्या नोकरीत रुजू होते. त्या नोकरीत कमीपणा काही नाही. पण त्यासाठी एम.टेक. लागत नव्हतं. तिची दोन वर्षं आणि सरकारचं विद्यावेतन गेलं कुठे, याचा हिशोब कुणी करत नाही.

कंपन्यांची बाजूही तपासायला हवी. सुधा मूर्तींची गोष्ट आपल्याला पाठ आहे. १९७४ मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत स्त्री उमेदवारांनी अर्ज करू नयेत असं छापलेलं होतं, त्यांनी चिडून थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहिलं आणि पुण्याच्या कारखान्यात नोकरी मिळवली. या गोष्टीतला एक तपशील मात्र आपण नेहमी विसरतो. त्या तेव्हा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एम.ई. करत होत्या. म्हणजे याच उंबरठ्यावर उभ्या होत्या.

पुढे १९७६ मध्ये समान वेतन कायदा आला आणि भरतीतही स्त्री-पुरुष भेद करायला बंदी झाली. तशी जाहिरात आज कुणी छापू शकणार नाही. इतकंच काय, पुण्यातल्याच टाटा मोटर्सच्या कारखान्यात हॅरियर आणि सफारी गाड्यांच्या जोडणीसाठी फक्त स्त्रियांची असेंब्ली लाइन सुरू झाली. पन्नास वर्षांत हा केवढा पल्ला! तरीही एक फरक लक्षात ठेवायला हवा. लाइनवर जोडणी करणाऱ्या मुली आणि ती लाइन आखणाऱ्या, गाडीचा सांगाडा डिझाइन करणाऱ्या इंजिनीअर मुली या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिलीवर गर्दी वाढली म्हणून दुसरीवरची आपोआप वाढत नाही.

आणि आता जाहिरातीत न छापलेलं मुलाखतीत विचारलं जातं. ‘लग्नाचा काही विचार?’ ‘बदली झाली तर घरचे काय म्हणतील?’ शेजारच्या खुर्चीवरच्या मुलाला हे कुणी विचारत नाही. वर एम.टेक.वाल्यांना एक खास प्रश्न असतो. ‘आमचं काम बी.टेक.वर भागतं, तुम्हाला जास्त पगार का द्यायचा?’ गेटच्या तयारीसाठी एक वर्ष घरी बसलेली असेल, तर ‘ही गॅप कसली?’ हेही येतं.

यामागे कंपनीचा एक हिशोबही असतो, तो उघड बोलला जात नाही. २०१७ पासून बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक झालं. फार चांगलं झालं. पण कर्मचारी राज्य विमा योजनेच्या पगारमर्यादेबाहेरच्या स्त्रीचा रजेतला सगळा पगार कंपनीनेच द्यायचा असतो. इंजिनीअर मुलगी बहुधा याच गटात मोडते. मोठ्या कंपनीला हा खर्च जाणवत नाही. चाकणच्या चाळीस-पन्नास माणसांच्या कारखानदाराला तो जाणवतो, आणि तो गुपचूप मुलाची फाइल वर ठेवतो. हा खर्च एकट्या मालकावर न टाकता सरकारने वाटून घ्यायला हवा, ही मागणी बायकांच्या संघटनांनी जोरात लावून धरायला हवी. कायद्याने हक्क दिला, पण त्याचं बिल अशा ठिकाणी फाडलं की हक्कदारच दाराबाहेर राहते!

समजा, हे सगळं पार करून मुलगी रुजू झाली. तिला पद मिळतं ‘पोस्ट ग्रॅज्युएट इंजिनीअर ट्रेनी’चं. पहिलं वर्ष शिकण्याचं, कारखान्यात किंवा साइटवर काढायचं. इथे एक नवाच अडसर उभा राहतो आणि तो चांगुलपणातून येतो. साहेब वडीलकीच्या नात्याने म्हणतात, ‘बेटा, उन्हातान्हात कुठे फिरतेस, तू ऑफिसात बस. कागदपत्रं बघ.’ मुलीलाही बरं वाटतं, घरच्यांना तर फारच बरं वाटतं. तिच्याबरोबर लागलेला मुलगा मात्र ग्रीस लावलेल्या हातांनी मशीनच्या पोटात शिरलेला असतो, काँक्रीट ओतताना रात्रभर उभा असतो. पाच वर्षांनी प्रमोशनची वेळ येते तेव्हा पहिला प्रश्न असतो, ‘साइटचा अनुभव किती?’ तिच्याकडे उत्तर नसतं. तिला कुणी हाकललेलं नसतं. फक्त प्रेमाने बाजूला बसवलेलं असतं.

खाणींच्या क्षेत्रात ही काळजी तर कायद्यातच लिहिलेली होती. जमिनीखालच्या खाणीत स्त्रियांना उतरायला १९५२ च्या खाण कायद्याने मनाई होती. नोकरीच नाही, तर मायनिंग इंजिनीअरिंगला मुलीला प्रवेश तरी कशाला, असा सरळ हिशोब! डॉ. चंद्राणी प्रसाद वर्मा यांना ही पदवी घेण्यासाठी नागपूरला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. पुढे त्या केंद्रीय खाण व इंधन संशोधन संस्थेच्या नागपूर केंद्रात शास्त्रज्ञ झाल्या. २०१९ मध्ये नियम बदलला आणि तांत्रिक, देखरेखीच्या व व्यवस्थापनाच्या कामांसाठी स्त्रियांना दिवसपाळीत खाणीत उतरायची परवानगी मिळाली. २०२१ मध्ये आकांक्षा कुमारी ही मुलगी झारखंडच्या भूमिगत कोळसा खाणीत इंजिनीअर म्हणून रुजू झाली. दार उघडायला एवढी वर्षं का लागली? काळजीपोटी!

एम.ई., एम.टेक. मुलींची आणखी एक नेहमीची वाट म्हणजे इंजिनीअरिंग कॉलेजातली शिक्षकी. ‘बाईमाणसाला बरी, सुट्ट्या असतात.’ ज्यांना शिकवण्याची ओढ आहे, त्यांनी जरूर शिकवावं. देशाला चांगल्या शिक्षकांची गरज आहेच. पण ‘सोयीची’ म्हणून ही वाट धरणाऱ्यांनी हिशोब तपासावा. २०१८ मध्ये तंत्रशिक्षण परिषदेने पंधरा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण बदलून वीस विद्यार्थ्यांमागे एक केलं. तेवढ्याच मुलांना कमी शिक्षक पुरू लागले. खासगी विनाअनुदानित कॉलेजांत तासिका तत्त्वावर, म्हणजे तास भरेल तेवढे पैसे या बोलीवर, वर्षानुवर्षं काम करणाऱ्या बायका आपल्या ओळखीत असतीलच. सोयीची म्हणून घेतलेली नोकरी अशी फार गैरसोयीची निघते.

आणि पीएच.डी.? इथे चित्र थोडं बरं आहे. २०२३ पासून संशोधकाची शिष्यवृत्ती पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांपासून पीएच.डी. करणाऱ्या स्त्रीला २४० दिवसांपर्यंत बाळंतपण आणि बालसंगोपनाची रजा मिळते, शिवाय प्रबंध पूर्ण करायला दोन वर्षं जास्त मिळतात. पण प्रयोगशाळा काही सासरी उचलून नेता येत नाही. म्हणून पीएच.डी.च्या मध्यावर लग्न ठरत असेल, तर ‘मुलीला शिकू देऊ’ एवढ्या तोंडी आश्वासनावर थांबू नये. कुठल्या गावात राहून, किती वर्षं, आणि घर कोण बघणार, हे आधी स्पष्ट बोलावं. देण्याघेण्याची बोलणी चारचौघांत बसून होत आली, मग ही का होऊ नयेत?

कुणी म्हणेल, एवढा आटापिटा करून मिळतं काय? उत्तर काश्मीरच्या चिनाब पुलाजवळ उभं आहे. ६ जून २०२५ रोजी उद्घाटन झालेला हा रेल्वे पूल नदीपात्रापासून ३५९ मीटर उंच आहे. त्याच्या खालच्या तुटक, भेगाळलेल्या डोंगरउताराला आधार कसा द्यायचा, यावर प्रा. जी. माधवी लता यांनी सतरा वर्षं सल्लागार म्हणून काम केलं. वरंगळला एम.टेक., मग आयआयटी मद्रासला पीएच.डी., विषय माती आणि खडकाचं इंजिनीअरिंग. कौतुकाचा पूर आला तेव्हा त्यांनी जाहीरपणे सांगितलं की हे हजारो लोकांचं काम आहे, त्यातली मी एक. मला यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. डोंगर प्रत्यक्ष खोदत गेल्यावर जसा दिसेल तसं डिझाइन बदलत जावं लागतं. हे नुसतं पुस्तक वाचून जमत नाही आणि नुसतं साइटवर राबूनही जमत नाही. वर्गात मुरलेलं ज्ञान साइटवर न्यावं लागतं. उच्च शिक्षण आणि करिअर यांच्यातला पूल तो हाच.

हा पूल संस्थेने बांधून दिला, तर काय होतं, त्याचं उदाहरण आपल्या पुण्यातच आहे. त्रिशूरहून बी.टेक. झालेल्या टेसी थॉमस यांनी गाइडेड मिसाइल या विषयात एम.ई. केलं ते पुण्याच्या, संरक्षण संशोधन खात्याच्याच संस्थेत. १९८८ मध्ये त्या त्याच खात्यात शास्त्रज्ञ झाल्या. २०११ मध्ये यशस्वी झेपावलेल्या अग्नी-४ क्षेपणास्त्राच्या त्या प्रकल्प संचालक होत्या. जिथे काम, त्याच विषयाचं शिक्षण, आणि मधे भटकंती नाही. अशी साखळी आपल्या खासगी कारखान्यांनी आणि कॉलेजांनी मिळून का जोडू नये? एम.टेक.चा प्रोजेक्ट कारखान्याच्या खऱ्या अडचणीवर असेल, मुलगी सहा महिने तिथे जाऊन काम करत असेल, तर मुलाखतीत ‘लग्नाचा विचार काय’ हे सुचणारच नाही. तिचं काम त्यांनी बघितलेलं असेल.

आता मुलींसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. एम.टेक.ला प्रवेश घेतानाच ‘या शाखेच्या मुली गेल्या दोन वर्षांत कुठे लागल्या?’ हे डिपार्टमेंटला विचारा. नुसतं संस्थेचं नाव बघू नका. पहिल्या वर्षानंतरची उन्हाळ्याची सुट्टी कारखान्यात किंवा साइटवर इंटर्नशिपसाठी राखून ठेवा. घरच्या लग्नांना पुढच्या वर्षी जाता येईल! सरकारी कंपनीत जायचं मनात असेल, तर दुसऱ्या वर्षी पुन्हा गेट द्या. स्कोअर तीन वर्षं चालतो हे खरं, पण भरतीसाठी बहुतेक सरकारी कंपन्या त्याच वर्षीचा स्कोअर मागतात. आणि आपला प्रोजेक्ट आईला पाच मिनिटांत साध्या मराठीत सांगता येतो का, ते करून बघा. आईला समजला, तर मुलाखतीतल्या साहेबांनाही समजेल.

नोकरीचं पत्र हातात आलं की लाजू नका, विचारा. राहायची सोय काय? रात्रपाळीनंतर गाडी घरापर्यंत सोडते की हायवेवर? साइटवर बायकांचं स्वच्छतागृह आहे का, आणि त्याची किल्ली कुणाकडे असते? सेफ्टी शूज बायकांच्या मापाचे मिळतात का? लैंगिक छळाच्या तक्रारीसाठीची समिती नावापुरती आहे की चालते? हे विचारल्याने नोकरी जात नाही. अशी नोकरी गेलीच, तर ती बरी गेली म्हणायचं. आणि कुणी प्रेमाने ऑफिसात बसायला सांगितलं, तर तितक्याच प्रेमाने म्हणा, ‘सर, पहिली दोन वर्षं मला साइटच द्या.’

ज्यांची वाट मधे तुटली, त्यांच्यासाठीही दार पूर्ण बंद झालेलं नाही. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने स्त्री शास्त्रज्ञांसाठीची योजना २००२-०३ मध्ये सुरू केली. तीच आता ‘वाइज-किरण’ या नावाखाली चालते. संशोधनात परतण्यासाठी मदत आणि पेटंटच्या क्षेत्रातलं प्रशिक्षण अशा दोन्ही वाटा तिच्यात आहेत. मुलं जरा मोठी झालेल्या कितीतरी एम.टेक. बायकांना याची गंधवार्ताही नसते.

पण खरं काम आपलं, आया-मावश्या-आत्यांचं आहे. मुलीच्या फीची आपण चौकशी करतो, हॉस्टेलच्या जेवणाची करतो, तिच्या गाईडचा स्वभाव कसा आहे तेही विचारतो. तिला बुटीबोरीची किंवा होसूरची नोकरी लागली, की आपला आवाज का बदलतो? मुलगा असता तर आपण त्याच्याबरोबर जाऊन खोली बघून दिली असती, गॅसची शेगडी घेऊन दिली असती, चार भांडी लावून परत आलो असतो. तेच मुलीसाठी करायचं आहे. यापेक्षा वेगळं धाडस लागत नाही. या डिसेंबरात ज्यांच्या मुली मुलाखतीला बसणार आहेत, त्यांनी आत्ताच तिला जवळ बसवून एकदा विचारावं, ‘तुला कुठे काम करायचंय?’ आणि उत्तरात गावाचं नाव आलं, की नकाशा उघडावा. पंचांग नंतर बघता येईल.